दोन पेढे

मी जातीबाहेर लग्न केलं, त्याची शिक्षा आईला झाली. जातपंचायतीने तिला वाळीत टाकलं. मुलगी आम्हाला मेली, असं तिने चारचौघांत सांगावं, एवढीच अट होती. आई म्हणाली, "धडधाकट पोरगी मेली कशी म्हणू?" झालं. त्या दिवसापासून सातपूरच्या आमच्या गल्लीत तिला लग्नाचं आमंत्रण नाही, हळदीकुंकू नाही. वडील आधीच गेलेले. मी दर रविवारी तिच्याकडे जायचे, तीही गल्लीच्या मधोमध चालत. ज्यांना बघायचं त्यांनी डोळे भरून बघावं.

पंचांचे म्होरके माझेच चुलत काका. रोज दुपारी आईबरोबर भाजी निवडायला येणाऱ्या काकूही त्यांच्या धाकाने यायच्या थांबल्या. काकांचं अंबडला वर्कशॉप होतं, तिथे विमानाचे सुटे भाग बनून ओझरच्या विमान कारखान्यात जायचे. पोखरणला अणुस्फोट झाले तेव्हा काकांनी गल्लीभर पेढे वाटले. फक्त आईचं दार वगळलं.

मग अमेरिकेने निर्बंध घातले. परदेशी माल अडकला, काकांची अर्धी मशिनं बंद पडली. माणूस वाकला नाही, हे मी मान्य करते. आमच्या समोरच्या त्यांच्या ओट्यावर बसून रोज सांगायचे, आपण झुकायचं नाही. त्यासाठी त्यांनी समाजाच्या हॉलमध्ये सभा ठेवली, नंतर जेवण. एका रविवारी बोलावणं करत फिरताना ते आमच्या उंबऱ्याबाहेर थांबले.

"वहिनी, देशाचा प्रश्न आहे. सभेला या."

"आणि जेवायला?"

"ते तुमच्या हातात आहे. पोरीचं तेवढं तोडा, उद्यापासून सगळं पहिल्यासारखं."

आई मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अमेरिका दुसरं काय म्हणते, भावजी? एवढं सोडा, मग सगळं देतो. तुम्ही सोडलं का?"

काका पुढच्या घरी गेले. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. आईने माझ्यापुढे दुसरी जुडी सरकवली.

सभेच्या दिवशी तिने मला आणि जावयाला पुरणपोळी केली आणि खिडक्या मुद्दाम उघड्या ठेवल्या. पण दर संक्रांतीला ती वाण मांडून बसायची आणि कोणी यायचं नाही, तेव्हा माझा जीव तुटायचा.

काही वर्षांनी निर्बंध उठले. काकांची कामं सुरू झाली, पुन्हा पेढे आले. या वेळी काकू आमच्या दाराशी थांबल्या आणि एक पेढा आईपुढे धरला. आई चटकन घेईल असं मला आतून वाटलं. तिने हात पुढे केला नाही.

"दोन द्या," ती म्हणाली. "एक लेकीचा."

काकूंनी वळून ओट्याकडे पाहिलं. काका पेपर वाचत राहिले. काकूंनी दुसरा पेढा काढला, पण आईच्या हातावर ठेवला नाही.

"बाहेर ये गं," त्यांनी मला हाक मारली.

मी तो गल्लीत उभी राहून खाल्ला, सावकाश.