जिताड्याच्या पेशींना पायरुव्हेट

आमच्या खाडीकाठच्या खारेपाटात घरापुढच्या तळ्यात जिताडा मासा नसेल तर पाव्हणे दुसऱ्यांदा येत नाहीत, असं गमतीनं म्हणतात. गंमत कसली, खरंच आहे ते! व्याही पहिल्यांदा जेवायला आले की घरच्या तळ्यातला जिताडाच काढायचा. बाजारातला पापलेट वाढलात तर गावभर चर्चा. माझ्या सासऱ्यांना बाबांनी असाच जिताडा खाऊ घातला होता, आणि सून बरी की जिताडा बरा, याचा निकाल त्यांनी अजून दिलेला नाही.

तर दोन-तीन वर्षांपूर्वी त्या तळ्यातले झाडून सगळे जिताडे मेले. बाबा त्यावर चकार शब्द बोलले नाहीत. बाबा ओरडले तर मला परवडतं, गप्प बसले की नाही. मग एक दिवस त्यांचाच फोन आला. "न्हावा-शेव्याचा कंटेनरवाला आलता. गाड्या उभ्या करायला जागा मागतोय, तल्यात भराव टाकून. रोग कसला हाय ता सांग गो बाय, न्हायतर देऊन टाकतो."

मी माशांच्या रोगांच्या प्रयोगशाळेत काम करते. मेलेल्या माशांचे नमुने मी आधीच आणून गोठवले होते. नेहमीच्या विषाणूंच्या सगळ्या चाचण्या केल्या, एकही जुळला नाही. उरला एकच रस्ता. जिताड्याच्या जिवंत पेशी बाटलीत वाढवायच्या, त्यांच्यावर तो नमुना घालायचा आणि बघायचं. आत विषाणू असेल तर तो पेशींना मारणारच.

पेशी आमच्याकडे होत्या. काही वर्षांपूर्वी मीच आमच्या तळ्यातल्या पिल्लाच्या शेपटीच्या परापासून त्या वाढवल्या होत्या आणि अतिथंड टाकीत तीन कुप्यांमध्ये जपून ठेवल्या होत्या. बाहेर काढायच्या, कोमट करायच्या, पोषक माध्यमात सोडायच्या. रोजचंच काम. पण जगतील तर शपथ! पहिली कुपी मेली. दुसरी मेली. टाकीत उरली शेवटची, आणि नव्यानं पेशी तयार करायच्या तर वर्ष जाणार. कंटेनरवाला काय वर्षभर ताटकळत बसणार होता?

"अगं, शेवटची घाईनं काढू नकोस. आधी या का मेल्या ते शोध," आमच्या मॅडम म्हणाल्या. सांगायला काय जातं! मी मनातल्या मनात त्यांना दोन शब्द ऐकवले आणि दुसऱ्या कुपीतल्या पेशींची बाटली टाकून द्यायच्या आधी पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली धरली.

आणि थबकले. सगळ्या मेल्या नव्हत्या! मधोमध जिथे पेशी दाटीवाटीनं बसल्या होत्या, तिथे थोड्या धुगधुगत होत्या. कडेला एकट्यादुकट्या पडलेल्या होत्या, त्या मात्र खलास. म्हणजे विष नव्हतं, उपासमार होती. एकटीला पुरत नव्हतं असं काहीतरी त्या दाटीत एकमेकींना पुरवत होत्या. पण उपासमार कशी? माध्यमात साखर तर भरपूर होती!

मग डोक्यात प्रकाश पडला आणि मी कपाळावर हात मारून घेतला. आमच्याकडे उबवणीचं नवं कपाट आलं होतं, कार्बन डायऑक्साइडवर चालणारं. नव्या कपाटाला शोभेल असं नवं माध्यम घ्यायचं आम्हीच हौसेनं ठरवलं, साखर जास्त असलेलं. माशांच्या पेशींना वर्षानुवर्षं जे जुनं माध्यम द्यायचो, त्यात सोडियम पायरुव्हेट मुळातच घातलेलं असायचं. नव्यात नव्हतं. जुन्यात आयतं मिळायचं, म्हणून ते वेगळं घालायचं असतं हे आमच्यापैकी एकालाही आठवलं नाही.

साखर म्हणजे कणगीतलं भात. ते कांडा, शिजवा, मग खा. पायरुव्हेट म्हणजे ताटात वाढलेला भात. पेशी साखर फोडते तेव्हा तिचं आधी पायरुव्हेट होतं, आणि त्यातून पुढे ताकद मिळते. बर्फातून नुकत्या उठलेल्या, अर्धमेल्या पेशीला कांडण-शिजवण झेपत नाही. त्यात ती एकटी असली तर केलेलं पायरुव्हेटही तिच्यातून बाहेर पाझरून जातं. शिवाय माध्यमात जे घातक पेरॉक्साइड साचतं, तेही पायरुव्हेट निपटून काढतं.

आणि काखेत कळसा, गावाला वळसा! पायरुव्हेटची बाटली आमच्याच फ्रिजमध्ये, शेजारच्या टेबलावरची मंडळी रोज वापरायची. मी ती जवळजवळ हिसकावूनच घेतली. माध्यमाच्या शंभर भागांना एक भाग घातलं, शेवटची कुपी काढली, आणि या खेपेला पेशी पसरू न देता छोट्याशा बाटलीत दाटीनं ठेवल्या.

सकाळी मॅडमच्या आधी मी पोचले. सूक्ष्मदर्शकात बघते तो काय, पेशी तळाला घट्ट चिकटून, पाय पसरून बसलेल्या! मी ओरडलेच. मॅडम धावत आल्या, त्यांनी बघितलं, आणि आम्ही दोघी हातमोजे घातलेल्या हातांनी टाळ्या पिटत राहिलो. पुढे त्या अशा वाढल्या की बाटल्या पुरेनात.

मग खरी परीक्षा. बाबांच्या तळ्यातल्या माशांचा नमुना वाटून, जंतू अडवणाऱ्या पण विषाणू जाऊ देणाऱ्या बारीक गाळणीतून गाळून घेतला आणि निम्म्या बाटल्यांत घातला. निम्म्या तशाच ठेवल्या. मी येता-जाता डोकावत होते. आणि एका दुपारी नमुना घातलेल्या बाटल्यांत पेशींच्या चादरीला भोकं पडलेली दिसली. शेजारच्या बाटल्या ठणठणीत! ज्यांना जगवायला एवढा आटापिटा केला, त्या मेल्या म्हणून मी आनंदानं नाचत होते. वेड लागलं असं वाटलं असतं कुणालाही.

गोठवलेल्यांतला दुसऱ्या माशाचा नमुना घालून पुन्हा करून पाहिलं. तेच. मग बाबांना फोन लावला.

"बाबा, मेल्या! पेशी मेल्या! विषाणूच आहे, आपल्याला ठाऊक नसलेला कुठला तरी. तळं सुकवू, तळ तापू देऊ, मग तपासलेली पिल्लं सोडू. भराव टाकू नका!"

 



"चुना मीच टाकला होता गो जिताडे मेले त्या आठवड्यात, तलां साफ करायला," बाबा म्हणाले. "मना वाटला, जास्त झाला. मना वाटला, मीच मारले. म्हनून ता तलां नजरेसमोरच नको झाला होता."