उलटी कोरफड

पडदा वर जातो, तेव्हा रंगमंचावर माणूस नसतो. असते ती सोलापुरातल्या एका आळीतली, मागांच्या खडखडाटाने थरथरणारी खिडकी. खिडकीत नटांच्या तोंडाला लावायच्या रंगाचा रिकामा पत्र्याचा डबा, आणि डब्यात पांढऱ्या पट्ट्यांची, वीतभरही नसलेली कोरफड. साल एकोणीसशे तेहतीस.

खिडकी तिप्पण्णाची. तो नाटकगृहात पडद्याचा दोर ओढायचा. राजे आले, राण्या गेल्या. टाळ्या त्याच्या वाट्याला कधी आल्या नाहीत, आणि त्याने त्या मागितल्याही नाहीत. एकदा गिरणीच्या बंगल्यात त्याने मडमेच्या कुंडीतल्या या विलायती कोरफडीचा लाल तुरा पाहिला, आणि तसा तुरा आपल्या खिडकीत एकदा फुलावा, एवढंच त्याच्या मनाने घेतलं. तिथल्या शरणप्पा माळ्याने त्याला त्या तुऱ्याचं बियांनी भरलेलं एक वाळकं बोंड दिलं.

आळी हसली. कोरफड बांधावरून उपटून आणावी, फार तर तिचं पिल्लू लावावं. बी कोण पेरतं? शेजारची पार्वतम्मा विचारायची, बारसं कधी? तिप्पण्णाने नदीची वाळू चाळली, कागदासारखं पातळ बी टाकलं, वर फुटक्या कंदिलाची काच झाकली. रोपं उगवली आणि एकेक करून कुजली. एकच जगलं. दुपारची उन्हं आली की तो खिडकीवर जुन्या लुगड्याचा पडदा ओढायचा, उतरली की बाजूला घ्यायचा. अशी वर्षं गेली.

मग त्याला ताप आला. थोरली विधवा बहीण म्हाळसाबाई उशाशी बसून राहिली. ताप उतरल्यावर तिप्पण्णाने डोळे उघडले, तर खिडकीतला डबा रिकामा.

भिंत धरत तो दारापर्यंत गेला, वर पाहिलं, आणि मटकन उंबऱ्यावर बसला. चौकटीला काळ्या दोऱ्याने त्याची कोरफड उलटी टांगली होती. मुळं आभाळाकडे, सोबत बिब्बा आणि मिरच्या. अमावास्येला दृष्ट लागू नये म्हणून सगळी आळीच दारावर कोरफड टांगायची. आजारी भावाला टाकून बांधावर कुठे जायचं, म्हणून म्हाळसाबाईने घरातली घेतली. तिच्या लेखी कोरफड ती कोरफड. आणि ताप तर उतरला होता.

त्याचा हात दोऱ्याकडे गेला.

"काढलीस तर माजं मेलेलं तोंड बघशील," ती म्हणाली.

हात खाली आला. त्या दिवसापासून तो दारातून मान खाली घालूनच जायचा. तिप्पण्णा नव्या सुनेवानी चालतोय, असं पार्वतम्मा म्हणायची. रिकामा डबा मात्र त्याने खिडकीतून हलवला नाही.

थंडी सरत आली, आणि एका सकाळी म्हाळसाबाईच्या हातातली घागर उंबऱ्यावर आपटली. मातीपाण्यावाचून टांगलेल्या त्या झाडातून एक दांडा खाली निघाला होता, आणि वळण घेऊन सरळ वर चढला होता. टोकाला लाल तुरा. आळी गोळा झाली. तिप्पण्णाने कित्येक महिन्यांनी मान वर केली.

म्हाळसाबाईचे डोळे भरून आले. शपथ मीच घातली होती, मीच सोडते, म्हणाली. तुझी तू डब्यात लाव. तिने दोऱ्याला हात घातला, तोच तिप्पण्णाने तिचं मनगट धरलं.

"राहू दे, अक्का. आता सरळ केली तर तिची मान मोडंल."