रेवडीचा नमुना

पंचावन्न सालच्या चैत्रात, मोशीच्या पलीकडच्या एका गावच्या जत्रेत, माझ्या बायकोचे मामा पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदाच कुस्तीच्या आखाड्यात उतरले. भांडण झाले नव्हते, पैज लागली नव्हती. त्यांना रेवडीची चव बघायची होती.

जत्रेला कोणी देवासाठी जातो, कोणी पाळण्यासाठी. तपासणीसाठी जाणारा माणूस मी एकच पाहिला. मामा देहूरोडच्या लष्करी कोठारात तपासनीस होते. बुटांच्या नाड्या, कंदील, तंबूच्या खुंट्या, जे येईल त्याच्या ढिगात स्वतः हात घालून ते एक नग उपसत, उलटापालटा करीत आणि 'पास' किंवा 'नापास' म्हणत. दुसऱ्याने काढून दिलेला नग ते हातात धरीत नसत. ही नोकरी अंगात इतकी मुरली होती की मामी पोळी वाढायला आल्या तर चवडीतली मधली पोळी ते स्वतः ओढून घेत. जत्रेत खाण्यापिण्याचा एकूण एक जिन्नस तपासायचा हा त्यांचा नेम होता. एक जरी सुटला तर ती जत्रा त्यांच्या लेखी झालीच नाही.

त्या दिवशी आम्ही चिंचवडहून सायकलींवर गेलो. उसाचा रस त्यांनी बर्फाशिवाय घेतला, मग बर्फ घालून घेतला, मग नुसता बर्फ मागितला. तिन्ही पास. गोटीसोडा फुटताना त्यांनी बाटलीला कान लावला, आवाजावरच पास केला आणि भिजलेला कान पुसत बाटली माझ्याकडे दिली. कलिंगडवाल्याने चौकोनी काप काढून पुढे केला, तर "ही तुमच्या पसंतीची बाजू झाली, मला जमिनीकडची दाखवा" म्हणून त्यांनी अख्खे कलिंगड उलटे करायला लावले. गरम भजे त्यांनी बुटाची टाच ठोकावी तसे फळीवर ठोकले. भजीवाली बघत राहिली.

"खानार हायसा का वाजवनार?"

"बाई, पोकळ माल आवाजात सापडतो," मामा म्हणाले.

"मंग आदी तुमचं डोस्कं ठोका!"

मामांनी भजी खाल्ली, पुन्हा मागून खाल्ली आणि पास केली. गोडीशेव, फुटाणे, जिलबी, भेळ असे करीत दुपार टळेपर्यंत सगळे उरकले. राहिली रेवडी.

त्या गावची रेवडी विकत मिळत नसे. मोठ्या कुस्त्या रोख बक्षिसावर आणि लहानसहान कुस्त्या रेवड्यांवर लावायची रीत होती. गावकरी रेवड्या तेवढ्यापुरत्याच घरी करीत. मामांनी पंचांकडे एक रेवडी मागितली.

"न्हाई बा," पंच म्हणाले. "जिंकल त्याची रेवडी."

मी म्हटले, "मामा, एखाद्या पैलवानाकडून मागून घेऊ."

"जावईबापू, तो दिलेला नमुना झाला," मामा म्हणाले. त्यांनी टोपी माझ्या हातात दिली आणि धोतराचा काचा मारला.

पंचांनी ओरडून विचारले, "हाय का कुनी ह्यांच्या जोडीचा?" निघोज्याचा एक शेतकरी पुढे आला, आला म्हणण्यापेक्षा ढकलला गेला. वय मामांएवढेच, पोटही. तो सकाळपासून शेजारी बसलेल्या जावयाला आपल्या तरुणपणच्या कुस्त्या ऐकवत होता, असे मागून कळले. जावई फक्त "मग उतरा की" म्हणाला होता.

हलगी वाजली. दोघांनी एकमेकांच्या मानेत हात घातले, डोक्याला डोके लावले आणि तसेच उभे राहिले. बराच वेळ काही घडले नाही. "झोपलं जनू! उशी द्या रं कुनी!" गर्दीतून आवाज आला. प्रत्यक्षात आत बोलणी चालू होती. ती मामांनी परतीच्या वाटेवर सांगितली. त्यांना दुसरा साक्षीदार नाही.

"पोटाला दाबू नगा," तो माणूस म्हणाला. "आत्ताच जेवलोय."

"मीही सगळी जत्रा खाऊन आलोय. तुम्ही पडा. मला एक रेवडी पाहिजे, बाकी तुम्हाला."

"पडलो असतो राव. पर जावई बसलाय म्होरं."

"माझाही बसलाय. भाचेजावई."

"भाचेजावई न्हाई धरत." तो थोडा वेळ धापा टाकत राहिला. "लगीन झाल्यापास्नं लेकीला म्हायेराला धाडली न्हाई त्यानं. मानपानावरनं रुसला. सासऱ्यात दम न्हाई म्हनतो, समद्या गावात. आज पैल्यांदा माझ्यासंगं बसलाय."

बाहेरून आम्हाला एवढेच दिसले की मामा अचानक "अरे बाप रे!" असे मोठ्याने म्हणाले, गुडघे टेकून बसले आणि अंथरुणावर पडावे तसे सावकाश पाठीवर आडवे झाले. छातीवर कधी बसायचे हेही त्यांनीच त्या माणसाला खुणेने सांगितले. पंचांनी त्याचा हात वर केला. जावई धावत आत आला आणि सासऱ्याच्या गुडघ्यांवरची माती झटकू लागला. मी टोपी धरून उभा होतो.

थोड्या वेळाने तो माणूस उपरण्यात रेवड्या घेऊन आला. "घ्या राव. समद्या घ्या."

मामांनी रेवड्यांकडे पाहिले. खाण्याच्या जिनसाकडे इतका वेळ नुसते बघताना मी त्यांना कधी पाहिले नव्हते. मग त्यांनी हात मागे घेतले. "नियमात बसत नाही."

"मंग पंचमीला निघोज्याला या. लेक आली तर सांगावा धाडतो."

त्या जत्रेची रेवडी मामांनी पुढेही कधी चाखली नाही. पुढच्या वर्षी मी विषय काढला, तर त्या जत्रेचा निकाल राखून ठेवला आहे एवढेच ते म्हणाले.

सांगावा मात्र श्रावणात आला. नागपंचमीला आम्ही दोघे सायकलींवर निघोज्याला गेलो. पुरणाची दिंडं मुलीने स्वतः उकडली होती. पंगतीत तिचा नवरा सासऱ्याच्या शेजारी बसला होता.