अक्काच्या मडक्यातली चवळी

आमच्या अक्काइतकं घाबरत स्वयंपाक करणारं माणूस मी पाहिलेलं नाही. नात्यानं ती माझी चुलत आत्या. नरडाण्याजवळच्या आमच्या बौद्ध वस्तीत उन्हाळ्यातली कुठलीही पंगत तिच्या चवळीशिवाय उठत नसे. गोवऱ्यांवर बट्ट्या भाजून झाल्या की त्याच निखाऱ्यांत ती मडकं पुरायची. आत भिजवलेली चवळी, कांदा, लसूण, काळा मसाला, गुळाचा खडा, चिंचेचा कोळ. तोंडाला कणकेचं लिंपण. ताटात वरण-बट्टीच्या शेजारी ती एवढीशी पडायची, पण लोक बट्टी सोडून तीच मागायचे.

मडकं उघडलं की पहिली वाटी अक्का स्वतः खायची आणि तासभर कुणाला हात लावू द्यायची नाही. "उन्हाना दिवस शेतस. माले काही झायं नही ते मंग वाढू." मी म्हणायचो, "अक्का, तासाभरात काय कळतं? नासलेलं अन्न संध्याकाळीसुद्धा उलटतं." मी वस्तीच्या हक्कांची पत्रकं लिहून वाटायचो, म्हणून ती म्हणायची, "तू तुना कागद वाट."

तिची भीती उगाच नव्हती. काही वर्षांपूर्वी गावातल्या एका लग्नात मठ्ठा नासला आणि माणसं आजारी पडली. मठ्ठा घुसळला वरच्या आळीनं. आमच्या पोरांनी फक्त ग्लास भरले. तरी बोट आमच्याकडेच वळलं, आणि कित्येक दिवस आमच्या बायकांना निंदणीला कुणी बोलावलं नाही. माफी आजवर कुणी मागितलेली नाही. मागायला हवी, हे मी तेव्हाही लिहिलं, आत्ताही लिहितो.

म्हणूनच गेल्या बुद्धपौर्णिमेला सगळ्या गावाला विहाराच्या अंगणात जेवायला बोलवायचं मी ठरवलं. अक्काचा चेहरा उतरला. "कोनं पोट दुखनं ते नाव आपलंच येई, भाऊ." चवळी तिनं दोनदा निवडली.

वरची आळी आली. गावात ज्यांचा शब्द चालतो ते नानाही आले. पंगत बसली, आणि अक्का वाटी घेऊन सगळ्यांदेखत खाऊ लागली. मला संताप आला. आपण काय विष कालवलंय, की खाऊन दाखवायचं? नाना म्हणाले, "अक्का, तू एकलीच बठ्ठं मडकं खाशी का?" माणसं हसली. ती हसली नाही. तास झाल्यावरच पळी फिरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांची सून डबा घेऊन दारात आली. तिला पाहताच अक्का हातातलं काम टाकून उठली. "नानासले काय झायं?"

"काही नही. त्यासनी चवळी मांगी शे."

चुलीशेजारी कालचं अर्धं मडकं होतं. अक्का म्हणाली, "उरनी नही." सुनेची नजर मडक्यावर गेली. "ऱ्हाऊ द्या. आम्हले कशाले उरी," म्हणत ती रिकामा डबा घेऊन निघाली.

मी म्हटलं, "अगं, शिळी आहे म्हणून देत नाही, एवढं तरी सांगायचं तिला." अक्कानं मडकं उकिरड्यावर ओतलं. "काय सांगू? मना हातनी चवळी बिघडनी, असं?"

यंदा पंगत झाली, पण वरच्या आळीतून कुणी फिरकलं नाही. अक्काही नव्हती; मुलानं तिला सुरतेला नेलंय. तिथं गॅसची शेगडी आहे आणि कुणाला वाढायचं नाही. फोन केला की माझी खुशाली ती नंतर विचारते. आधी विचारते, "गावमा कोनी बिमार नही ना?"

मी नाही म्हणतो. ती पुन्हा विचारते.