दादाचा आवाज

काल ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडलं. तापलेल्या धुळीचा वास आला आणि अकोल्याची ती दुपार आठवली. दादाला जाऊन महिना झाला होता. त्याच्या हार्डडिस्कमध्ये त्यानं म्हटलेली गाणी होती. माझ्या जुन्या कॉम्प्युटरला ती जोडायची सोय नव्हती, म्हणून अमरावतीहून कंट्रोलर कार्ड आणून बसवलं. डिस्क घरघरली, पडद्यावर गाण्यांची नावं आली. वहिनीनं माझा हात धरला.

"नका लावू भाऊजी. पोरगी शाळेतून येऊन राहिली. तिले वाटन, बाबा आले."

मी मशीन बंद केलं. तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं. पुढे डिस्क बिघडली. आता मोठी झालेली पुतणी विचारते, "काका, बाबाचा आवाज तुमच्यासारखाच होता का?"

मी हो म्हणतो. पण तो तसा नव्हता.