जागा करा वं

"येऊन राहिली वं, जागा करा."

असं म्हनूनच ती रेघेवर पाय ठेवाची. पयले लुगड्याचा कासोटा घट्ट ओढाची, मंग वाकून चिमूटभर माती कपाळाले लावाची, अन् मंग हे. जशी काई जागा तिच्या बापाची होती अन् आमी मधात बसून होतो.

ती अन् मी नागपुरात संत्र्याच्या अड्ड्यावर कामाले होतो. पेट्यात संत्रं भराचं काम, बहारात साऱ्या बायाच बाया. फळाले लागू नये म्हनून पेटीत तनीस टाकत. धानाचं वाळलं गवत ते. त्याचा ढीग शेडमागं पडून राहे. दुपारची भाकर झाली की आमी ते तनीस पसरवाचो अन् त्याच्यावर हुतूतू खेळाचो. पोरीबाळी नाई, लेकुरवाळ्या बाया. घरच्याइनं पाह्यलं असतं तं झोडपलं असतं.

तवा खेळात ज्याचं त्याचं काम राहे. लांब पायाच्या चढाई करत. जाड्या बाया हातात हात घालून साखळी करत, अन् कोनी सापडली की तिच्यावर पडत. माह्यासारखी बुटकी कोपऱ्यात वाकून उभी राहे अन् पाय धरे. आता टीव्हीवर पाहतो आपन, गादीवर खेळतात, पायात बूट, सगळेच सगळं करतात. दम कोनी धरते का नाई समजतच नाई. आमचा दम पुऱ्या शेडले आयकू जाये. तिचा तं असा, की चढाई करून, दोघीतिघींले शिवून, घरी जाऊन चूल पेटवन अन् मंग दम सोडन, असं आमी म्हनाचो.

मले तिचा राग ये. राग नाई, जळन म्हना. तुमच्याही कामावर असन कोनी अशी. दिसाले काई खास नाई, दात पुढं. पन ती रेघेवर आली की हमाल डोक्यावरची पेटी खाली ठेवून पाहत. ठेकेदार तिले सावलीत फळं निवडाले बसवे, अन् मी उन्हात पेट्याइले खिळे ठोकाची. संध्याकाळी तिचा नवरा सायकल घेऊन फाटकापाशी उभा राहे. माहा नवरा पिऊन पडला राहे. तो मेला, अन् तेरवी झाली की मी वापस पेट्या ठोकाले आली. त्याचं काई नाई, ते होते. पन ती सायकल पाह्यली की जीव जळे.

मले एकच पाहिजे होतं. एकदा, साऱ्याइच्या समोर, तिचा पाय धराचा अन् तिचा दम तुटेपर्यंत सोडाचा नाई. बाकी साऱ्या माह्या हातात सापडल्या होत्या. तिचा पाय असा निसटे, जशी ओल्या हातातून साबनाची वडी. जाता जाता म्हने, "धरनं शिक वं, बुटके."

आमची मुकादमीन, डोक्यानं पांढरी, गट पाडे. सगळ्यात पयले ती आमा दोघींले अलग करे. "ह्या दोघी एकीकडं गेल्या तं खेळता काहून? निजा मंग." म्हनून मी कधीच तिच्या बाजूनं खेळली नाई. मले वाटे, मुकादमीन मले मुद्दाम तिच्यापुढं टाकते.

एका साली आंबिया बहार, थंडीतला, संपत आला होता. ती आली, "येऊन राहिली वं, जागा करा." पन दम लवकर फुलून राह्यला होता. कोपऱ्यात आली, एकीले शिवली, अन् वळताना तिचा घोटा माह्या हातात आला. पुरा. दोनी हातानं आवळला. साखळीतल्या तिघी धावल्या तिच्यावर पडाले. सारा शेड वरडून राह्यला होता.

अन् माही बोटं तिच्या पायात रुतली. मळल्या कनकीत रुततात तशी. पाय सुजून होता. म्या वर पाह्यलं. तिनं एक हात पोटावर धरला होता, अन् हुतूतू म्हनता म्हनता मान हालवत होती, नाई, नाई. मले तीन लेकरं झाली आहेत, मले काय सांगा लागते. पोट दिसलं की ठेकेदार घरी पाठवे, हे साऱ्याइले ठाऊक. ती खेळाले आली नसती तं साऱ्याइले समजलं असतं. म्हनून खेळून राहिली होती.

म्या सोडला.

साखळी माह्यावर पडली. ती रेघेपार. "हातातला सोडला वं इनं," म्हनून साऱ्या हसल्या. अन् ती? दम घेतला अन् साऱ्याइच्या समोर म्हने, "धरनं शिक वं, बुटके."

म्या तोंडातलं तनीस थुकलं अन् पेट्या ठोकाले गेली. त्या दिवशी खिळे मस्त सरळ गेले.

दुसऱ्या दिवशी ती लंगडत आली. पाय मुरगळला म्हने. मंग खेळलीच नाई, बहार संपेपर्यंत सावलीत फळं निवडत बसली. शेवटल्या दिवशी माह्या भाकरीच्या फडक्यात ठेच्याची पुडी निघाली. भिवापुरी मिरचीचा ठेचा ती एकटीच आने. खाल्ला. डोळ्याले पानी आलं, मिरचीनंच.

मंगच्या मिरगाच्या बहाराले, उन्हाळ्याच्या तोंडी, ती आली नाई. खाप्याले माहेरी पोरगी झाली म्हने, मंग नवरा कन्हानले कोळशाच्या खानीत लागला. त्या वेळच्या बाया अजून भेटल्या की बोलतात, ती कधीच धरल्या गेली नाई. मी आयकून घेतो. जळन अजून होते. धरल्या गेली होती ती. माह्या हातात होती.

ती आली नाई त्या मिरगाच्या बहाराच्या पयल्या दुपारी मुकादमीन गट पाडाले बसली. एक इकडं, एक तिकडं करत सगळ्यात शेवटी माह्यापाशी आली. म्हने, "तू जाय कुठंबी."

मी कोपऱ्यात जाऊन वाकली. तनीस नवं होतं, टोचत होतं. समोरून एक पोट्टी काई न बोलता रेघेवर आली अन् दम धरला. म्या तिचा पाय पयल्याच झटक्याले धरला, दम तुटेपर्यंत सोडला नाई.

हमालाइच्या डोक्यावरच्या पेट्या डोक्यावरच होत्या.