अल्ताफ तांबोळीचा चारशे तेरावा

काटेवाडीच्या पुढे रस्त्याकडेला अल्ताफ तांबोळीचं टायरचं दुकान आहे. उसाच्या ट्रॉलीची रिंग गंजून टायरला चिकटून बसली, की ड्रायव्हर दुसरीकडे बघतसुद्धा नाही. अल्ताफ घण उचलतो, दोनदा अंदाज घेतो आणि तिसऱ्या घावाला रिंग मोकळी करतो. वीस वर्षं हाच त्याचा व्यायाम. त्याच्या मनगटांबद्दल लोकांनी काय काय कंड्या पिकवल्या! म्हणे बॅटमध्ये शिसं भरतो, म्हणे म्हशीचं इंजेक्शन घेतो. पिकवणाऱ्यांनी एकदा येऊन तो घण नुसता उचलून दाखवावा. निम्म्यांची कंबर तिथंच धरेल.

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धांना तोटा नाही. ऊस तुटला, खोडवा मोडला, रान सपाट झालं, की स्पर्धा लागलीच. या स्पर्धांचे स्कोअर आप्पासाहेब पंचवीस वर्षं वह्यांत लिहीत आले आहेत. समालोचनही तेच करतात, त्यामुळे त्यांचा घसा बसलेला आणि हात शाईने भरलेला. त्यांच्या वह्यांप्रमाणे सगळ्यांत जास्त षटकार बावड्याच्या हिंदुरावांचे, चारशे बारा. आता हिंदुराव साठीला आले. साडेसहा फुटांना दोन बोटं कमी असा हा माणूस एके काळी फलंदाजीला निघाला, की उसाच्या कडेला बसलेली माणसं आपापल्या मोटारसायकली हलवत. त्यांचा विक्रम कोणी मोडेल असं बावड्यात कोणाला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

अल्ताफ तो मोडायला निघाला, तेव्हा बावडेकरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. शिसं निघालं नाही, इंजेक्शन सापडलं नाही, तेव्हा त्यांना अल्ताफच्या बापाचे पाय सापडले.

त्याचं असं, की आपल्याकडे सीमारेषा पावलांनी मोजतात. खेळपट्टीच्या मधोमध उभं राहायचं, साठ पावलं चालायचं आणि तिथं फक्कीने पांढरी रेघ मारायची. अल्ताफच्या वस्तीवरच्या मैदानात हे काम त्याचे वडील चाँदभाई करायचे. चाँदभाई उंचीने जेमतेम पाच फूट. पण मोजणी अशी चोख, की वाटेत कोणी सलाम केला तरी हाताने थांबवायचे, आकडा चुकेल म्हणून. साठ म्हणजे साठ. फक्त ती साठ पावलं चाँदभाईंची असायची.

अल्ताफचेही आता चारशे बारा झाले होते, त्यांतले एकशे ऐंशी षटकार वस्तीवरचे. बावड्याची पोरं त्यांना ‘चाँदभाई कट’ म्हणू लागली. त्याच रेघेवर बावड्याच्या पोरांनीही षटकार मारले होते, पण ते कोणाला आठवायचं! पुढे पुढे चाँदभाई बारामतीच्या बाजारात दिसले, की कोणीतरी टगा त्यांच्या मागून बारकी बारकी पावलं टाकत चालायचा आणि बाकीचे खिदळायचे. चाँदभाईंनी फक्कीचा डबा दुकानाच्या माळ्यावर टाकला. दोन वर्षं त्यांनी मैदानात पाय ठेवला नाही. मुलाचा सामना ते घरी मोबाइलवर बघायचे, तोही आवाज बंद करून.

आणि अल्ताफच्या मनात एक काटा होता, जो त्याने आपल्या बायकोला, मेहजबीनलाही सांगितला नव्हता. ती चेष्टा नवी नवी होती तेव्हा एका सकाळी तो एकटाच टेप घेऊन वस्तीच्या मैदानावर गेला होता. रेघ एकेचाळीस मीटरवर भरली. दुसऱ्या गावांत हीच साठ पावलं पन्नास-पंचावन्न मीटर भरायची. म्हणजे लोक बोलतात त्यात काहीतरी होतं. त्याहून वाईट हे, की बापाच्या मोजणीवर त्याने स्वतःच्या हाताने टेप लावला होता. त्याची त्याला मनापासून लाज वाटायची.

यंदाच्या मार्चमध्ये वालचंदनगरजवळच्या एका मोकळ्या रानात अंतिम सामना ठरला. समोर बावडा. अल्ताफ आणि हिंदुराव दोघेही चारशे बारावर. एक षटकार, की विक्रम अल्ताफचा. सकाळी निघताना अल्ताफ चाँदभाईंच्या खाटेपाशी गेला.

“अब्बा, आज तुमी चला.”

“कशाला? लोकांना हसायला?”

“मला तुमी तितं पायजे.” मग त्याने एका दमात सांगून टाकलं. “अब्बा, मी आपलं मैदान टेपनं मोजलं हुतं. दोन वर्सं झाली.”

चाँदभाई खाटेवर उठून बसले. “म्हायती हाय मला. टेपला फक्की लागलेली हुती. मी पुसून ठिवला.” आणि चपला शोधू लागले.

मैदानावर पोचले, तर आधीच कालवा सुरू. रेघ कोण मोजणार? दोन्ही गावांचे कार्यकर्ते एकमेकांच्या अंगावर धावून जायचे बाकी होते. कोणीतरी टेपची गोष्ट काढली, पण टेप लावला, तर हिंदुरावांचे जुने षटकारही उकरून काढावे लागतील, ही भानगड बावड्याला नको होती. हिंदुराव सामनाधिकारी म्हणून खुर्चीवर बसले होते. अल्ताफ सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला.

“तात्या, तुमीच मोजा. तुमच्या पावलानं.”

“माझ्या?” हिंदुरावांनी त्याला खालपासून वर न्याहाळलं. “नीट इचार कर गड्या. माझी टांग बघितलीस न्हवं?”

“बघितली. मोजा.”

अल्ताफच्या संघातल्या पोरांनी कपाळाला हात लावला. हिंदुराव उठले, धोतराचा सोगा खोचला आणि निघाले. पंचेचाळिसाव्या पावलालाच ते वस्तीवरच्या रेघेइतकं अंतर ओलांडून गेले. साठावं पाऊल पडलं ते रानाच्या पार बांधालगत, उसाला चिकटून. बावड्याची पोरं शिट्ट्या मारत होती. चाँदभाई मांडवाच्या कोपऱ्यात मान खाली घालून बसले होते. आपण शहाणपणा केला की माती खाल्ली, हे अल्ताफचं अल्ताफलाच कळेना.

बावड्याने आठ षटकांत बासष्ट धावा केल्या. षटकार एकही नाही, कारण त्या रेघेपलीकडे चेंडू जातच नव्हता. अल्ताफची पाळी आली तेव्हा पहिलाच तडाखा त्याने असा मारला, की वस्तीवर तो थेट रस्त्यावर गेला असता. इथं चेंडू रेघेच्या अलीकडे तीन हातांवर पडला. रेघेवरच्या पोराने तो अडवला, जेमतेम दोन धावा. “चाँदभाई कट!” कोणीतरी ओरडलं आणि हशा पिकला. दुसरा फटका उंच गेला, तोही अलीकडेच पडला. त्याखाली दोघे क्षेत्ररक्षक एकमेकांवर आदळले म्हणून अल्ताफ वाचला. अडतीस वर्षांचे गुडघे कुरकुरायला लागले होते. शेवटच्या षटकात चार चेंडू उरले आणि नऊ धावा हव्या होत्या.

गोलंदाज बावड्याचा ऋतिक, तालुक्यात सगळ्यांत वेगवान. तो धावत निघाला तेव्हा अल्ताफला मांडवात बाप दिसला. चाँदभाईंनी मान वर केली होती. अल्ताफने घण उचलताना घ्यायचा तसा श्वास घेतला. चेंडू आखूड पडला आणि त्याने तो सगळ्या अंगानिशी हाणला. आवाज झाला तसा ऋतिक जागच्या जागी थांबला, मागे वळूनही पाहिलं नाही. चेंडू रेघेवरून गेला, बांधावरून गेला, उसाच्या तुऱ्यांवरून गेला आणि पार आत, पाचटात कुठंतरी पडला.

पंच हिंदुरावांकडे बघू लागला. हिंदुराव उभे राहिले आणि आपला विक्रम मोडल्याची खूण त्यांनी स्वतःच केली. त्यांचे ते लांबलचक दोन्ही हात वर गेले, तेव्हा बावड्याच्या मांडवातूनही टाळ्या पडल्या. “चारशे तेराऽऽ!” आप्पासाहेबांचा बसलेला घसा माइकवर फाटला.

पण हिंदुराव खाली बसेनात. ते खेळपट्टीवर आले आणि चेंडूच्या दिशेने चालू लागले, मोठ्याने मोजत. पोरांनी ऊस बाजूला करून वाट दिली. चेंडू सापडला तिथं ते थांबले. “चौऱ्याहत्तर!” त्यांनी आतूनच आरोळी दिली. मग बाहेर आले ते थेट चाँदभाईंपुढे.

“चाँदभाई, उठा. आता तुमी मोजा.”

“मी कशाला, हिंदुराव? तुमी मोजलं की.”

“माझ्या पावलाचं झालं. ह्यो तुमच्या लेकाचा हाय, तुमच्या पावलानं मोजला पायजे. आन् बावड्याच्या पोरांनो, त्वांड उघडाल तर मोठ्यानं आकडं म्हना. दुसरं काय ऐकू आलं तर माझ्याशी गाठ हाय.”

चाँदभाई खेळपट्टीवर आले. टोपी सारखी केली आणि पहिलं पाऊल टाकलं. एक, दोन, तीन. आधी हिंदुराव एकटेच मोजत होते, मग वस्तीवाले, मग दहाच्या पुढे बावड्याची पोरंसुद्धा. बाजारात ज्या पावलांची नक्कल व्हायची, ती एकेक पाऊल आता अख्खं मैदान घसा फोडून मोजत होतं. साठाला चाँदभाई रानाच्या मधेच होते. नव्वदीला उसात शिरले. शंभराचा आकडा फुटला तसा कल्ला उसळला. उसात त्यांची टोपीही दिसत नव्हती, फक्त आवाज आला, बारीक पण खणखणीत.

“एकशे तीन!”

“आप्पासाहेब,” हिंदुराव गरजले, “दोन्ही आकडं लिव्हा. चाँदभाईंचा वर लिव्हा.”

अल्ताफच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि त्याने ते पुसलं नाही. आपला बाप बुटका आहे, याचा त्याला जन्मात पहिल्यांदा अभिमान वाटला. चाँदभाई उसातून अंगाला पाचट लागलेले बाहेर आले, हातात चेंडू. तो त्यांनी ऋतिककडे टाकला आणि लेकाकडे बघून म्हणाले, “रडतूस काय? तीन चेंडू हायेत अजून. खेळ.”

अल्ताफने बॅट उचलली. जिंकायला तीनच धावा हव्या होत्या.